मंद स्वराचा अपराधी कोण?

एखाद्याचा स्वर आपल्या कानी पडत नसेल, तर दोष कोणाचा? प्रश्न साधा वाटतो आणि उत्तरही आपण घाईने देऊन टाकतो: ज्याचा स्वर, त्याचा दोष. आम्हीही एकदा असेच उत्तर दिले. त्याची लाज आम्हांस अजून वाटते.

हिंगोली जिल्ह्यातील एका लहानशा ख्रिस्ती वस्तीत आमच्या गायनवृंदाला कोणी हितचिंतकाने जुनी बेस गिटार भेट दिली होती. चार जाड तारांचे हे वाद्य सहसा गीताची चाल वाजवीत नाही. चालीच्या खाली राहून तिला आधार देते. अकरावीतला एक लाजाळू मुलगा मेहनतीने ते शिकला. नाताळच्या तयारीत मात्र त्याचा आवाज दिवसेंदिवस खाली जाऊ लागला. आम्ही सर्वांसमक्ष म्हणालो, "अरे, बोटांत जोर नाही का तुझ्या? मन लागत नसेल तर दुसऱ्याला बसू दे." तो इतकेच म्हणाला, "फादर, मी रोजच्यासारखंच वाजवतोय." पुढच्या दोन सरावांना तो आला नाही.

तिसऱ्या दिवशी हिंगोलीहून साउंडवाला आला. "कोण वाजवतो?" असे त्याने विचारलेच नाही. प्रथम त्याने वायर बदलून पाहिली, आवाज तेवढाच. मग त्याच ॲम्प्लिफायरला दुसरी गिटार जोडली. ती खणखणीत वाजली. म्हणजे ॲम्प्लिफायर व स्पीकर निर्दोष ठरले. मग गिटारवरील आवाजाची बटणे पाहिली. ती पूर्ण उघडी होती. शेवटी त्याने गिटारच्या पाठीवरचे झाकण उघडले. आत नऊ व्होल्टची बॅटरी होती. ती जवळजवळ संपली होती.

"वायर लावूनच ठेवता का ही?" त्याने विचारले. होय, आम्हीच ठेवीत होतो. सराव संपला की पिन न काढता गिटार साक्रिस्तीच्या कपाटात ठेवावी, म्हणजे वायर हरवणार नाही, ही शिस्त आमचीच.

तेव्हा आम्हांस या वाद्याची रचना कळली. तार लोहचुंबकाजवळ थरथरते आणि शेजारच्या वेटोळ्यात सूक्ष्म वीज निर्माण होते. हे तत्त्व फॅरडेने 1831 साली दाखवून दिले. अनेक गिटारी एवढ्यावरच चालतात. काहींच्या पोटात मात्र तो क्षीण प्रवाह सावरणारे छोटे यंत्र असते. त्याला बॅटरी लागते आणि पिन आत जाताच ती सुरू होते. कपाटातली गिटार मूक होती, पण बॅटरी रात्रंदिवस झिजत होती. मुलाच्या बोटांवर आम्ही ठेवलेला आळ वस्तुतः आमच्या कपाटाचा होता.

साउंडवाल्याच्या तपासाचा क्रम मनन करण्याजोगा आहे. तो बाहेरच्या, सहज बदलता येणाऱ्या गोष्टींपासून आत गेला. वाजविणाऱ्याचा हात त्याने शेवटासाठी राखून ठेवला. आम्ही नेमके उलट केले. वायर तपासायला उठावे लागते. माणसाला दोष देण्यास बसल्या जागेवरून जमते. मग वाजविणाऱ्याची चूक कधीच नसते काय? असते. पण ती म्हणण्याचा अधिकार बाकीच्या कड्या तपासणाऱ्यालाच मिळतो.

नवी बॅटरी बसली, तरी गायनात तो स्वर पुरेसा उठेना. आम्ही म्हणालो, "आवाज वाढवा." साउंडवाला म्हणाला, "वाढवला तर स्पीकर फाटेल." बेसची सर्वांत जाड तार सेकंदाला सुमारे 41 कंपने करते. इतका खोल स्वर मानवी कानाला मुळातच कमी जाणवतो. फ्लेचर आणि मन्सन यांनी 1933 साली ते प्रयोगाने मांडले. लहान स्पीकरलाही तो पेलत नाही. म्हणून त्याने कीबोर्डवाल्याला डाव्या हाताचे जड स्वर सोडावयास सांगितले आणि ढोलकीचा माइक थोडा दूर नेला. बेसचे बटण त्याने तसूभरही हलविले नाही, तरी ती ऐकू येऊ लागली.

आमच्या भजनी मंडळींना हे शास्त्र जुनेच ठाऊक आहे. पखवाजाचा डावा खर्ज बसला, तर वादक तळहात अधिक जोरात आपटीत नाही. तो कणीक भिजवून डाव्या तोंडावर लावतो. खोल स्वराला जोरापेक्षा निगा अधिक लागते.

या जिल्ह्यातच नर्सी हे संत नामदेवांचे गाव म्हणून पूजिले जाते. औंढा नागनाथाची आख्यायिका येथे घरोघरी ठाऊक आहे. कीर्तनाचा अडथळा होतो म्हणून नामदेवांना देवळामागे जाण्यास सांगण्यात आले. ते मागे जाऊन गाऊ लागले आणि देऊळच त्यांच्याकडे फिरले. या कथेत गाणाऱ्याने आपला आवाज चढविला नाही. ऐकणाऱ्याने तोंड वळविले. कोणाचा स्वर पोहोचत नसेल तर वळण्याचे कर्तव्य प्रथम कोणाचे, हे हिंगोलीच्या मातीने आपणांस कधीच सांगून ठेवले आहे.

वाचकहो, आपल्या घरीही असे मंद स्वर असतात: जेवताना न बोलणारी सून, प्रश्नाचे उत्तर पुटपुटणारा मुलगा, एकच गोष्ट पुन्हा सांगणारी आजी. "नीट बोल" असे म्हणण्यापूर्वी, त्यांची बॅटरी आपल्याच कोणत्या शिस्तीने झिजते आहे आणि आपला कीबोर्ड किती मोठ्याने वाजतो आहे, हे पाहावे.

आम्ही त्या मुलाच्या घरी गेलो. आळ चारचौघांत घातला होता, म्हणून क्षमाही पुढच्या सरावात चारचौघांतच मागितली. तो काही बोलला नाही. त्याने गिटार घेतली, वाजविली आणि सराव संपल्यावर पिन काढून वायर गुंडाळून आमच्या हाती दिली.