साधकाची खोली, दात्याचा हक्क

नाशिकच्या पांडवलेण्यात दहाव्या क्रमांकाच्या विहारात दात्याने आपल्या दानाचा जमाखर्च भिंतीवर कोरून ठेवला आहे. क्षहरात राजा नहपान याचा जावई उषवदात याने सुमारे १९०० वर्षांपूर्वी हा विहार खोदवून भिक्खुसंघाला दिला. लेणं देऊन तो थांबला नाही. गोवर्धन इथल्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे, म्हणजे व्यवसायसंघांकडे, त्याने ३००० कार्षापण नाणी कायमची ठेव म्हणून ठेवली. मुद्दल कधी परत मागायचं नाही, फक्त व्याज वापरायचं. एका श्रेणीकडे २००० कार्षापण, दरमहा १ टक्का दराने. त्याचं वर्षाचं व्याज २४०. या विहारात वर्षावास, म्हणजे पावसाळ्याचा मुक्काम, करणाऱ्या २० भिक्खूंना प्रत्येकी १२ कार्षापण चीवरासाठी मिळावेत, असा त्याचा विनियोग. दुसऱ्या श्रेणीकडे १००० कार्षापण, पाऊण टक्क्याने, बाकीच्या गरजांसाठी. जेवणाची सोय व्हावी म्हणून ४००० कार्षापणांना विकत घेतलेलं एक शेत. उषवदाताची पत्नी दक्षमित्रा हिनेही एक खोली दान दिल्याचा लेख तिथेच आहे.

राहायला खोली, अंगाला कपडा, पोटाला अन्न आणि पावसाळ्याचे तीन महिने. आजची कलादालनं आणि कलासंस्था चित्रकारांना ‘रेसिडेन्सी’ म्हणून जे देऊ करतात, त्याची सगळी अंगं या लेखात आहेत. स्टुडिओ आहे, विद्यावेतन आहे, मुदत आहे. फक्त एक रकाना नाही. तीन महिन्यांच्या शेवटी भिक्खूने दात्याला काय आणून द्यायचं, याबद्दल लेखात अक्षर नाही.

हा रकाना नसणं म्हणजे व्यवहारातली त्रुटी की धर्माची जाण? साधना करणाऱ्याला जागा देणाऱ्याचा त्या साधनेच्या फळावर हक्क किती, हा प्रश्न जुना आहे आणि आजच्या प्रत्येक कलादालनाच्या कार्यालयात तो रोज उभा राहतो. तिथे त्याला ‘अटी व शर्ती’ म्हणतात, एवढंच.

उषवदाताला काहीच नको होतं, असं म्हणणं भाबडेपणाचं होईल. त्याला पुण्य हवं होतं, नाव हवं होतं. परक्या वंशातून आलेल्या सत्तेला या मातीत मान्यताही हवी असणार. त्याने ब्राह्मणांना दिलेल्या गायी आणि गावं यांचीही नोंद इथे आहे. पण त्याला हवं असलेलं सगळं दान देण्याच्या क्षणीच त्याच्या पदरात पडत होतं. वर्षावासात एखाद्या भिक्खूचं ध्यान लागलं नाही, म्हणून उषवदाताचं पुण्य उणं होत नव्हतं. दात्याचं फळ आणि साधकाचं फळ असे दोन वेगळे हिशेब ठेवले होते. ही व्यवस्था फार समजुतीची होती.

मग भिक्खू कुणालाच उत्तरदायी नव्हता का? होता. वर्षावास संपताना ‘पवारणा’ नावाचा विधी होतो. तीन महिने एकत्र राहिलेल्या भिक्खूंपैकी प्रत्येक जण संघाला विनंती करतो, की माझ्या वागण्यात तुम्हाला काही दोष दिसला असेल, कानावर आला असेल, नुसती शंका आली असेल, तरी करुणेने सांगा. ऐकणारे सगळे त्याच वाटेवरचे. दाता तिथे नसतो. साधनेची परीक्षा कुणी करायची याचं इतकं स्पष्ट उत्तर दुसरीकडे क्वचितच सापडेल. ज्याने खोली दिली त्याने नव्हे; ज्यांनी शेजारच्या खोलीत तोच प्रयत्न केला, त्यांनी.

आता मराठी मनात एक आक्षेप लगेच उठेल. साधनेला खोली लागतेच कशाला? सावता माळ्याला मळा पुरला, गोरोबांना चिखल पुरला, जनाबाईला जातं पुरलं. वारकरी परंपरेने देवाला शोधायला वेगळी जागा लागत नाही हे इतक्या ठामपणे सांगितलं, की चित्रकाराने स्टुडिओसाठी हट्ट धरणं चैनीचं वाटू शकतं. पण याच परंपरेचा पाया घालणाऱ्या ज्ञानेश्वरांनी ‘ज्ञानेश्वरी’च्या सहाव्या अध्यायात योगाभ्यासाच्या जागेचं जे वर्णन केलं आहे ते वाचावं. गीतेत एका श्लोकात आटोपलेली गोष्ट त्यांनी कितीतरी ओव्यांमध्ये फुलवली. तिथे बसलं की उठावंसं वाटू नये. नास्तिकालाही तप करण्याची इच्छा व्हावी, राजाला राज्य सोडावंसं वाटावं. पाणी निर्मळ असावं, वारा मंद असावा, माणसांची वर्दळ नसावी. तुकोबाही भंडाऱ्यावर जात होते. जागेचं महत्त्व संतांनी नाकारलं नाही; जागेवाचून अडून बसणं नाकारलं.

शिवाय अभंग आणि चित्र यांत एक साधा भौतिक फरक आहे. अभंग ओठांवर राहतो. दळताना जुळतो, चालताना पाठ होतो, सोबत्याला सांगता येतो. पाच फुटांचा कॅनव्हास ओठांवर राहत नाही. तैलरंग वाळायला दिवस लागतात, टर्पेंटाइनचा वास घरभर होतो, ओलं चित्र भिंतीला टेकवून ठेवायला भिंत मोकळी लागते. मुंबईच्या चाळीतल्या खोलीत जिथे रात्री अंथरुणं घालायची तिथे दिवसा एवढं चित्र कुठे उभं करणार? जनाबाईचं उदाहरण चित्रकाराला लावताना एवढा विचार करायला हवा.

चित्रकार वासुदेव गायतोंडे गिरगावातल्या अशाच चाळीत वाढले. जन्म १९२४ सालचा, नागपूरचा. आईवडील मूळचे गोव्याचे. १९४८ मध्ये त्यांनी सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टची पदविका घेतली. पुढे त्यांना काम करायला जागा मिळाली ती मुंबईतल्या वॉर्डन रोडवर, समुद्रासमोरच्या भुलाभाई मेमोरियल इन्स्टिट्यूटमध्ये. आझाद हिंद सेनेच्या अधिकाऱ्यांचा खटला लढवणारे कायदेपंडित भुलाभाई देसाई १९४६ मध्ये वारले. त्यांच्या सूनबाई मधुरी देसाई यांनी सासऱ्यांच्या बंगल्याचं रूपांतर कलांच्या घरात केलं. नाममात्र भाड्यात चित्रकारांना स्टुडिओ मिळू लागले. हुसेन यांचा स्टुडिओ इथे होता. मूळच्या गोव्याच्याच प्रफुल्ला डहाणूकर यांनी गायतोंडे यांच्याबरोबर एकाच स्टुडिओत काही वर्षं काम केलं. बाल छाबडा यांनी १९५९ मध्ये सुरू केलेली ‘गॅलरी ५९’ इथलीच. इब्राहिम अल्काझी यांचं नाट्यशिक्षण, ‘रंगायन’ या नाट्यसंस्थेचा वावर, १९६२ मध्ये रविशंकर यांनी काढलेली ‘किन्नरा’ संगीतशाळा, हे सगळं त्याच आवारात.

म्हणजे ज्ञानेश्वरांनी सांगितलेली जागा ही नव्हे. एका खोलीत सतार, दुसरीकडे तालीम, व्हरांड्यात वादविवाद. आणि अशा गजबजाटात गायतोंडे यांच्या चित्रांतून एकेक आकृती निघून गेली. पन्नासच्या दशकाच्या आरंभी त्यांच्या चित्रांत माणसं होती, पक्षी होते, पाउल क्ले यांच्या धाटणीची रेषा होती. ते दशक संपेपर्यंत उरला रंगाचा विस्तार, त्यात तरंगणारे काही अंश आणि क्षितिजाची चाहूल देणारी एखादी आडवी ओळ. स्वतःच्या चित्रांना ‘अमूर्त’ म्हटलेलं त्यांना रुचत नसे. झेन विचाराकडे त्यांचा ओढा होता, जे. कृष्णमूर्तींची व्याख्यानं ते ऐकत. रोलरने आणि चाकूने रंगाचे थर द्यायचे, खरवडायचे, पुन्हा द्यायचे. पण त्याआधी नुसतं बसून राहायचं. वर्षाला पाचसहा चित्रं, यापलीकडे ते सहसा जात नसत.

इथेच एकांताचा खरा अर्थ लागतो. एकांत म्हणजे माणसांचा अभाव असेल, तर तो भुलाभाईंच्या बंगल्यात कधीच नव्हता. एकांत म्हणजे मागणीचा अभाव असेल, तर तो तिथे भरपूर होता. शेजारचा माणूस सतार वाजवतो आहे, त्याला तुमच्याकडून काही नको आहे. पलीकडे तालीम चालू आहे, ती तुमच्या चित्राची वाट पाहत नाही. प्रत्येक जण आपापल्या कामात बुडालेला, आणि त्या बुडण्याचा एकमेकांना आधार. विहारातल्या रांगेने खोदलेल्या खोल्या, मधल्या मोकळ्या जागेकडे उघडणारी त्यांची दारं आणि एकेकाला पुरेल एवढा ओटा, यांची रचना तरी वेगळं काय सांगते? एकटं बसायचं, पण एकटं पडायचं नाही.

भुलाभाई इन्स्टिट्यूटने चित्रकारांकडे फळ मागितलं असतं, तर काय हाती लागलं असतं? नसरीन मोहम्मदी यांचं पहिलं एकल प्रदर्शन १९६१ मध्ये गॅलरी ५९ मध्ये झालं. इथल्या स्टुडिओत त्यांना गायतोंडे यांचा सहवास लाभला. पण ज्या कामासाठी जग आज त्यांना ओळखतं, ती कागदावरच्या काळ्या शाईच्या काटेकोर रेषांची चित्रं सत्तरच्या दशकात आली, बडोद्याला शिकवत असताना. नलिनी मलानी जे. जे.च्या विद्यार्थिनी असतानाच १९६४ ते १९६७ या काळात इथे स्टुडिओ मिळवून होत्या. तेव्हा त्या अठरा वर्षांच्या. चित्र, नाटक आणि संगीत यांचा एका छताखाली त्यांनी पाहिलेला शेजार त्यांच्या कामात उघडपणे उतरला तो फार पुढे. अभिनेत्री अलकनंदा समर्थ यांच्याबरोबर १९९३ मध्ये केलेल्या ‘मेडिया’च्या रंगमंचीय कामात तो स्पष्ट दिसतो. मधे पाव शतकाहून जास्त काळ गेला. तीन महिन्यांच्या शेवटी अहवाल मागणाऱ्या कोणत्याही समितीच्या नोंदीत यातलं काहीही सापडलं नसतं.

या बायकांबद्दल आणखी एक गोष्ट सांगायला हवी. साठच्या दशकात बाईला घराबाहेर स्वतःची, फक्त कामाची खोली मिळणं म्हणजे काय होतं, याची कल्पना आज नीट येत नाही. पुरुष चित्रकार इराण्याच्या हॉटेलात बसून रात्र काढू शकत होता. बाईला दार असलेली जागाच लागत होती. दक्षिण मुंबईतला हा बंगला सगळ्यांना सारखा खुला नव्हता; ओळख, भाषा आणि वर्ग यांचे उंबरे तिथेही होते. तरीही प्रफुल्लाताई, नसरीन आणि नलिनी ही तीन नावं एकाच पत्त्यावर भेटतात, हा योगायोग नाही.

आजच्या रेसिडेन्सीचा अर्ज पाहावा. प्रस्ताव लिहा, संकल्पना स्पष्ट करा, अपेक्षित निष्पत्ती सांगा, समाजाला होणारा लाभ नमूद करा, शेवटी प्रदर्शन भरवा, एक चित्र संस्थेच्या संग्रहाला द्या. काय सापडणार हे आधीच ठाऊक असेल तर शोधायला खोली कशाला हवी? आकृती सोडून देण्याआधीच्या गायतोंडे यांना हा अर्ज भरता आला नसता. भरला असता, तर ते पुढेही पक्षीच रंगवत बसले असते, कारण लिहून दिलेला शब्द पाळणं हा सज्जनपणा आहे.

यावर उत्तर ठरलेलं असतं. पैसा लोकांचा आहे, हिशेब द्यावाच लागतो. हे म्हणणं खोटं नाही, आणि ज्या गावात शाळेचं छत गळतं तिथे ते जास्तच खरं आहे. पण हिशेब खोलीचा द्यावा. किती जणांना दिली, कुणाला दिली, कोणत्या वस्तीतून आलेल्यांना दिली, दार वेळेवर उघडत होतं का, वीज होती का. चित्राचा हिशेब हा वेगळा मामला. तो मागायचा असेल, तर सहा महिने शेजारी काम केलेल्या चार चित्रकारांना एकत्र बसवून एकमेकांची चित्रं पाहायला लावावी. त्या बैठकीइतकी कठोर समिती कोणत्याही संस्थेला नेमता येणार नाही.

मद्रासजवळच्या चोलमंडल या कलाग्रामातल्या चित्रकारांनी हा पेच वेगळ्या वाटेने सोडवला. के. सी. एस. पणिकर यांच्या पुढाकाराने १९६६ मध्ये त्यांनी स्वतःच जमीन घेतली आणि बाटिकसारखी कारागिरी विकून तिचा खर्च भागवला. दाताच नाही, तर दात्याचा हक्कही नाही. ही वाट स्वाभिमानाची खरी, पण तिच्यात चित्रकाराचा अर्धा दिवस कारागिरीत जातो. दान स्वीकारण्यात कमीपणा मानायचं कारण नाही. अट कोणती आहे, एवढंच पाहायचं.

भुलाभाई इन्स्टिट्यूटचं पर्व सत्तरच्या दशकाच्या आरंभी संपलं. बंगला पाडला गेला. गायतोंडे १९७२ मध्ये दिल्लीला गेले, तिथेच २००१ मध्ये वारले. २०१४ मध्ये न्यूयॉर्कच्या गुगनहाइम संग्रहालयाने त्यांचं सिंहावलोकनी प्रदर्शन भरवलं. ‘चिन्ह’ या कलाविषयक नियतकालिकाच्या सतीश नाईक यांनी संपादित केलेला त्यांच्यावरचा मराठी ग्रंथ २०१६ मध्ये आला. त्यांच्या एकेका चित्राची आजची किंमत कोट्यवधींत मोजतात. ज्यांनी ते समुद्रासमोरचं दार उघडं ठेवलं त्यांना त्यातला पैसा मिळाला नाही, आणि तसं त्यांचं बोलणंही झालेलं नव्हतं.

कोल्हापूर, सांगली, नागपूर, पणजी इथे कलाशाळांमधून दर वर्षी मुलंमुली बाहेर पडतात आणि त्यांच्यापैकी बहुतेकांना काम करायला भिंत नसते. याच शहरांत कलादालनांची मागची दालनं, सार्वजनिक वाचनालयांचे वरचे मजले, मंडळांची कार्यालयं वर्षातले कितीतरी महिने कुलूपबंद असतात. ज्यांच्या हातात या कुलपांच्या किल्ल्या आहेत, त्यांनी येत्या पावसाळ्यात एक खोली तीन महिन्यांसाठी आपल्याच गावातल्या चार चित्रकारांना द्यावी, आणि अर्जातला ‘अपेक्षित निष्पत्ती’ हा रकाना छापूच नये.