एकनिष्ठेची अपुरी व्याख्या

विवाहातील एकनिष्ठा म्हणजे केवळ परक्या व्यक्तीशी संबंध न ठेवणे, की जोडीदाराकडे आदराने आणि सातत्याने लक्ष देण्याचे ते एक विधायक बंधन आहे, हा नीतिविचारातील मूलभूत प्रश्न आहे. पहिला अर्थ स्वीकारला, तर वर्षानुवर्षे एकमेकांशी मोकळेपणाने न बोललेले पती-पत्नीही एकनिष्ठच ठरतात. दुसरा स्वीकारला, तर प्रतारणा नेमकी कोठे सुरू झाली हे सांगणे कठीण होते. जपानमधील प्रौढ वाचकांसाठीच्या मांगांनी, म्हणजे नियतकालिकांतून क्रमशः प्रसिद्ध होणाऱ्या चित्रकथांनी, हा पेच गांभीर्याने हाताळला आहे.

पेको वातानाबे यांची ‘1122’ ही मालिका 2016 ते 2020 या काळात ‘मॉर्निंग टू’ मासिकात प्रसिद्ध झाली आणि तिचे सात खंड निघाले. तिच्यातील इचिको आणि ओतोया या जोडप्यात भांडण नाही, उलट निखळ मैत्री आहे; मात्र त्यांच्यातील शरीरसंबंध थांबलेला आहे आणि ओतोयाचे मित्सुकी या विवाहित स्त्रीशी असलेले संबंध इचिकोने संमतीने मान्य केले आहेत. प्रतारणेचे मूळ फसवणुकीत असते असे मानले, तर येथे प्रतारणाच उरत नाही, कारण इचिकोपासून हे संबंध लपवलेले नाहीत. तरीही दुःख उरतेच, आणि मालिकेची तात्त्विक ताकद या उरलेल्या दुःखाचा शोध घेण्यात आहे. संमती ही कृतीला देता येते. त्या कृतीने मनात जे उमटेल त्याला आगाऊ संमती देता येत नाही. शिवाय मित्सुकीचा पती आणि तिचे लहान मूल या करारात कधीच सामील नव्हते, त्यामुळे दोघांनी प्रामाणिकपणे आखलेल्या व्यवस्थेची झळ तिच्याबाहेरच्यांनाही लागते.

बौद्ध परंपरेत या प्रश्नाचा एक महत्त्वाचा धागा सापडतो. पंचशीलातील तिसरे शील, जे महाराष्ट्रातील बौद्ध कुटुंबांत नित्य म्हटले जाते, कामविषयक मिथ्याचारापासून दूर राहण्याचे आहे; पण दीघनिकाय या पाली ग्रंथातील सिगालोवाद सुत्त, म्हणजे गृहस्थाच्या आचारधर्मावरील बुद्धाचा उपदेश, त्याहून पुढे जातो. त्यात पतीची पत्नीविषयीची पाच कर्तव्ये सांगितली आहेत: तिचा सन्मान करणे, तिचा अवमान न करणे, व्यभिचार न करणे, घरातील अधिकार तिच्या हाती सोपवणे आणि तिला अलंकार देणे. व्यभिचार टाळणे हे येथे पाचांतील एक कर्तव्य आहे. पत्नीचीही पाच कर्तव्ये त्यात येतात आणि व्यभिचार न करणे हे त्यांतीलही केवळ एक आहे. या दृष्टीने पाहता उपेक्षा हीदेखील कर्तव्यच्युती ठरते, मग बाहेर कोणाशी संबंध असो वा नसो.

उपेक्षा ओळखणे मात्र अवघड असते, कारण ती एखाद्या घटनेच्या रूपाने घडत नाही. डॅनिश तत्त्वज्ञ सोरेन कीर्केगार्ड यांच्या 1843 मधील ‘आयदर/ऑर’ या ग्रंथातील विवाहाचा पुरस्कर्ता न्यायाधीश म्हणतो की, कला एका क्षणात एकवटलेल्या भावनेचे चित्रण करू शकते, पण वैवाहिक प्रेम रोजच्या काळात सावकाश जगले जात असल्याने ते कलेच्या आवाक्याबाहेर राहते. क्रमशः मांगा या मताला अंशतः खोटे पाडते. स्वयंपाकघर, जेवणाचे टेबल, पाठमोरे झोपलेले दोघे अशा चौकटी महिन्यामागून महिने परतत राहतात, आणि दोन अंकांमधल्या प्रतीक्षेत वाचकही पात्रांच्या सोबतीने वर्षे काढतो. त्यामुळे साचलेपण त्याला सांगावे लागत नाही, ते तो अनुभवतो.

याचा अर्थ उपेक्षेमुळे प्रतारणा क्षम्य ठरते असा नव्हे. हारुनो हारू यांच्या ‘अनाता गा शितेकुरेनाकुतेमो’ या मालिकेत पतीच्या दुराव्याने एकाकी झालेली मिची एका विवाहित सहकाऱ्याकडे ओढली जाते, आणि तिचे दुःख खरे असले तरी त्या सहकाऱ्याच्या पत्नीचे दुःखही तितकेच खरे ठरते. एक अन्याय दुसऱ्याची वजाबाकी करत नाही. कायद्याला यातील एकच अन्याय स्पष्ट दिसतो: जपानने 1947 मध्ये, केवळ विवाहित स्त्री आणि तिचा प्रियकर यांनाच दोषी धरणारा व्यभिचाराचा फौजदारी गुन्हा रद्द केला, तरी दिवाणी कायद्यात विवाहबाह्य संबंध घटस्फोटाचे आणि भरपाईचे कारण राहिले. जोडीदाराकडे पाहायचेच थांबलेल्या नजरेचा हिशोब कोणत्याही न्यायालयाला नीट मांडता येत नाही. तो मांडण्याची जबाबदारी नीतीवर आणि साहित्यावर येते. म्हणूनच एकनिष्ठेला केवळ निषेधाच्या भाषेत बांधणे अपुरे आहे. जोडीदार आपल्याला पूर्ण कळला आहे, असे मानून त्याच्याविषयीची जिज्ञासा सोडून न देणे हा तिचा गाभा आहे, आणि हे कर्तव्य लग्नाच्या दिवशी दिलेल्या एका वचनाने पुरे होत नाही; ते रोज नव्याने पार पाडावे लागते.