विद्येचे मोल आणि विद्येचा मक्ता

वेतन ठरवून वेद शिकविणाऱ्या भृतकाध्यापकास मनुस्मृतीने श्राद्धाच्या पंक्तीस अपात्र ठरविले आहे. मात्र अध्ययन संपल्यावर शिष्याने यथाशक्ति भूमी, सुवर्ण वा गाय गुरूस अर्पण करावी, यास तीच स्मृती संमती देते. द्रव्याचा विटाळ नाही, विटाळ आहे तो द्रव्याच्या अटीचा. जे सॉफ्टवेअर कोणीही पहावे, बदलावे आणि वाटावे म्हणून खुले केलेले असते ते नफा घेऊन विकणे कायद्यास धरून आहे काय, असे एका स्नेह्याने परवा विचारले, तेव्हा देवळाबाहेर कोणी प्रसाद विकावयास बसला असावा अशी त्याची मुद्रा झाली होती. आणि मला तो भृतकाध्यापक आठवला.

कायद्यापुरते उत्तर सरळ आहे: विकता येते. एमआयटीतील नोकरी सोडलेल्या रिचर्ड स्टॉलमन यांनी 1985 साली आपल्या ईमॅक्स या मजकूर-संपादकाची चुंबकीय फीत 150 डॉलरांस पाठविण्यास आरंभ केला. ज्यास तीच वस्तू संगणकजालातून उतरवून घेणे शक्य होते, त्यास ती फुकट मिळे. त्यांनीच 1989 साली सिद्ध केलेली जीपीएल नावाची सनद प्रतीची किंमत विक्रेत्याच्या मर्जीवर सोडते. परंतु प्रत घेणाऱ्यास सोर्स कोड मिळालाच पाहिजे आणि ती वाटण्याचा, किंबहुना पुन्हा विकण्याचाही, हक्क त्याजकडे गेलाच पाहिजे, असे बजावते. लिनस टोरवाल्ड्स यांनी आपल्या लिनक्स या संगणकप्रणालीच्या पहिल्या परवान्यात पैसे घेण्यास मनाई केली होती. 1992 साली हीच सनद स्वीकारून तीही उठविली.

म्हणजे येथे विक्रीस मुभा आहे, मक्त्यास नाही. मनूने मोल निंद्य मानले, पण अध्ययनाच्या अधिकाराचा मक्ता जन्मावर ठेवला. ह्या सनदेने मोल मोकळे सोडले आणि अधिकार मात्र प्रत ज्याच्या हाती पडेल त्या प्रत्येकाच्या पदरी घातला. दोहोंपैकी कोणती व्यवस्था अधिक धर्म्य, याविषयी मला संदेह वाटत नाही.

प्रत्येक गिऱ्हाईक उद्याचा दुकानदार होऊ शकत असल्यामुळे प्रतीचा भाव उतरत जातो, आणि व्यापारी प्रतीऐवजी देखभाल व हमी विकू लागतात. हाच धंदा करणारी रेड हॅट आयबीएमने 2019 साली सुमारे 34 अब्ज डॉलरांस विकत घेतली. पुढे 2023 च्या जूनमध्ये रेड हॅटने आपल्या व्यापारी लिनक्सचा सोर्स कोड सर्वांसमोर मांडणे थांबवून तो ग्राहकांपुरता ठेवला. ग्राहकाने तो पुढे वाटल्यास त्याचा सेवाकरार खंडित करण्यास वाव देणारी कलमे करारनाम्यात होतीच. सनदेचे अक्षर यात मोडत नाही, असे त्यांचे म्हणणे, आणि ते खोडून काढणे सोपे नाही. तथापि जो हक्क बजावताच दार बंद होते, त्याची गणना हक्कात करावयास माझे मन धजत नाही.