मग स्टेजवर उभी होती ती कोण?

ताईचं लग्न नगर-मनमाड रस्त्यावरच्या एका मंगल कार्यालयात झालं. फोटोग्राफर दोन होते. एक गावाकडचा. आहेर द्यायला आलेल्या प्रत्येकाला नवरा-नवरीशेजारी उभं करायचं आणि 'इकडं बघा' म्हणायचं, हे त्याचं काम. दुसरा पुण्याहून आणलेला, कॅन्डिडवाला. पैसे तिप्पट. तो मीच ठरवला होता. मला वाटायचं, पहिला नुसती हजेरी घेतोय, खरं लग्न दुसराच टिपतोय.

महिन्याभराने फोटो आले. त्यातला एक मला फार आवडला. जेवणाच्या हॉलमध्ये आत्या खळखळून हसतेय, पदर डोक्यावरून घसरलाय, पुढचे दोन पडलेले दात दिसतायत. मी तो स्टेटसला टाकला. खाली लिहिलं, 'खरी आत्या'.

संध्याकाळी पाथर्डीहून तिचा फोन. "त्यो फोटू उडव बाबा. मी स्टेजवर उभी व्हते, त्यो टाक."

"अगं, त्यात तू किती ताठ उभी आहेस. हा नॅचरल आहे. ही खरी तू."

ती जराशी थांबली. "मंग स्टेजवर उभी व्हती ती कोन व्हती?"

मी स्टेटस उडवलं. प्रश्न मात्र गेला नाही.

बेसावध माणूस खरा आणि सावध माणूस खोटा, असं मी धरून चाललो होतो. आपली पिढी हे सहज धरून चालते. म्हणून तर प्री-वेडिंग शूटला फोटोग्राफर सांगतो, "सर, कॅमेऱ्याकडे न बघता हसा, कॅन्डिड पाहिजे." म्हणजे बेसावधपणाचीसुद्धा पोज देता येते.

हे जुनंच आहे. रोबेर द्वानो या फ्रेंच छायाचित्रकाराने पॅरिसच्या रस्त्यावर चुंबन घेणाऱ्या जोडप्याचा काढलेला फोटो १९५० साली 'लाइफ' मासिकात आला. तो अवचित टिपलेला क्षण आहे, असं जग चाळीसेक वर्षं मानत होतं. १९९०च्या दशकात प्रकरण कोर्टात गेलं, तेव्हा द्वानोने सांगितलं की फोटो ठरवून काढला होता. जोडपं नाटकाचं शिक्षण घेणारं होतं. गंमत अशी, की ते दोघं तेव्हा खरोखर एकमेकांच्या प्रेमात होते. मग तो फोटो खोटा म्हणायचा का?

आपलं लग्नच बघा. अंतरपाट कधी धरायचा, कधी काढायचा, हे ठरलेलं. सूनमुख बघताना सासूने आरशातच बघायचं, हेही ठरलेलं. सगळं योजलेलं असतं, तरी अंतरपाट निघतो त्या क्षणी दोघांची जी नजरानजर होते, ती खोटी नसते.

आत्याचं निम्मं आयुष्य ऊसतोडीत गेलं. तिचे एकटीचे फोटो बहुतेक ओळखपत्रांवरचे. समोरच्याने 'हनुवटी वर' म्हणायचं, हिने करायची. त्या दिवशी नवं लुगडं नेसून, पदर नीट करून ती स्टेजवर उभी राहिली, तेव्हा आपण कसं दिसायचं हे तिने स्वतः ठरवलं होतं. मी ते ताठ म्हणून बाजूला सारलं आणि तिच्या नकळत घेतलेल्या फोटोला 'खरी' असा शिक्का मारला.

अर्थात, पोजही फसवते. मनाविरुद्ध उभी केलेली मुलगीसुद्धा 'स्माइल' म्हटलं की हसते. लग्नासाठी काढलेलं कर्ज स्टेजवर दिसत नाही. कॅन्डिडवाल्याचा आणखी एक फोटो माझ्याकडे आहे. पाठवणी झालीये, मंडप रिकामा, आई एकटी खुर्चीत, मांडीवर आहेराची पाकिटं, नजर कुठेतरी लांब. कुठल्याही पोजमध्ये हे आलं नसतं. या वेळी मी तो आधी तिला दाखवला. तिने बराच वेळ पाहिला. म्हणाली, "असू दे. पण ग्रुपवर नको टाकूस."

तेव्हा मला वाटलं, आपण पोज की कॅन्डिड यावरच भांडत बसतो. खरा प्रश्न शब्द कोणाचा चालतो, हा आहे. पोजमध्ये माणसाला निदान कळतं की आपल्याकडे कोणीतरी बघतंय. कॅन्डिडमध्ये ते कळता कामा नये, हीच अट. म्हणून तिथे विचारण्याची जबाबदारी संपत नाही, फक्त फोटो काढल्यानंतरवर जाते.

मी ॲप बनवतो. कॅमेरा उघडण्याआधी आमच्या ॲपला परवानगी मागावी लागते. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यातही संमतीवरच भर आहे. पण एखाद्याने खासगी किंवा घरगुती कारणासाठी वापरलेल्या माहितीला तो कायदा लागू होत नाही. म्हणजे आत्याच्या पडलेल्या दातांचं काय करायचं, हे मला कायदा सांगणार नाही. ते मलाच ठरवायचंय.

तो हसरा फोटो अजून माझ्या फोनमध्ये आहे. अजूनही मला तो सुंदर वाटतो. दिवाळीला पाथर्डीला गेलो की तिच्याशेजारी बसून तो दाखवणार आहे आणि विचारणार आहे. नको म्हणाली, तर तिच्यासमोरच उडवीन. जीवावर येईल, पण उडवीन.