अनागत दुःख आणि भुलेनंतरची उलटी

जे दुःख येणार असल्याचे आधीच कळू शकते, ते येऊ देणाऱ्यावर त्याची जबाबदारी येते का, हा प्रश्न भारतीय तत्त्वचिंतनाने फार पूर्वीच हाताळला आहे. योगसूत्रांच्या दुसऱ्या पादात पतंजलीने अनागत, म्हणजे अद्याप न आलेले दुःखच टाळण्याजोगे मानले आणि भाष्यकाराने त्याचे कारण दिले की गेलेले दुःख भोगून संपलेले असते व चालू क्षणाचे दुःख भोगातच असते. हा विचार मोक्षशास्त्रातला असला, तरी त्याची कसोटी अगदी देहाच्या पातळीवर पाहायची असेल, तर शस्त्रक्रियेनंतरची मळमळ आणि उलटी यांच्याइतके नेमके उदाहरण क्वचितच सापडेल. कारण येथे दुःख कोणाला होण्याचा संभव किती, हे चीर देण्यापूर्वीच बऱ्याच अंशी सांगता येते.

प्रतिबंधक उपाय न केल्यास पूर्ण भूल दिलेल्या दर दहा रुग्णांपैकी साधारण तिघांना हा त्रास होतो आणि जोखीम अधिक असलेल्यांत तो आठांपर्यंत पोहोचतो. त्याने सहसा जीव जात नाही, म्हणून वैद्यकात तो दीर्घकाळ किरकोळ गणला गेला. न्यायशास्त्राने मात्र दुःखाची व्याख्या प्रतिकूल वाटणारा अनुभव अशी केली आहे, आणि ती मान्य केली की दुःखाचे माप मृत्यूच्या शक्यतेवर न ठरता भोगणाऱ्याच्या अनुभवावर ठरते. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात रुग्णांना भुलेनंतर कोणती गोष्ट सर्वांत नकोशी वाटते असे विचारले, तेव्हा त्यांनी वेदनेच्याही आधी उलटीचे नाव घेतले. ताज्या टाक्यांवर ताण देत येणारे उमासे ज्याने सोसले आहेत, त्याला या उत्तराचे नवल वाटणार नाही.

उलटी ही मुळात शरीराची रक्षणाची कृती आहे. मेंदूच्या चौथ्या पोकळीच्या तळाशी एक छोटा भाग असा आहे, की जेथे रक्त आणि मेंदू यांमधला पडदा विरळ असल्यामुळे रक्तातली विषारी द्रव्ये ओळखली जातात. भुलेचे वायू आणि अफूवर्गीय वेदनाशामके या यंत्रणेला चेतवतात, आतड्यातून सुटलेले सेरोटोनिन आणि कानातली तोल सांभाळणारी इंद्रिये तिच्यात भर घालतात, आणि शरीर उपचारालाच विष समजून तो बाहेर टाकू पाहते. येथे एक गंभीर आक्षेप उभा राहतो. चरकसंहितेत जे तेरा वेग, म्हणजे देहाच्या नैसर्गिक प्रेरणा, अडवू नयेत असे सांगितले आहे, त्यांत छर्दी म्हणजे उलटीचाही समावेश आहे. मग औषधाने ती थांबवणे हे देहधर्माविरुद्ध नाही का? आक्षेपाचा विचार आदराने करावा लागतो, पण तो टिकत नाही. आलेला वेग बळाने दाबणे आणि वेग उत्पन्न करणारे कारणच दूर ठेवणे या दोन वेगळ्या कृती आहेत, आणि छर्दी हा स्वतंत्र रोग मानून तिची चिकित्साही त्याच संहितेने सांगितली आहे.

दुसरा आक्षेप कर्मसिद्धांताचा आहे: जे प्रारब्ध, म्हणजे फळ देऊ लागलेले पूर्वकर्म, ते भोगूनच संपते, तेव्हा ते टाळण्याचा खटाटोप कशाला? हा युक्तिवाद खरा मानला तर शस्त्रक्रियाही करता येणार नाही. त्याहून महत्त्वाची गोष्ट १९९९ सालीच भूलतज्ज्ञ आप्फेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडलेल्या जोखीमगणनेतून पुढे येते. ही गणना चार गोष्टी पाहते: रुग्ण स्त्री असणे, धूम्रपान न करणे, पूर्वी भुलेनंतर उलटी झालेली असणे किंवा प्रवासात मळमळण्याची सवय असणे, आणि शस्त्रक्रियेनंतर अफूवर्गीय औषधे द्यावी लागणार असणे. एकही लागू नसेल तर संभव सुमारे १० टक्के असतो, चारही असतील तर ८० टक्के. म्हणजे आयुष्यभर विडीला न शिवलेल्या स्त्रीला धूम्रपान करणाऱ्या पुरुषापेक्षा हा त्रास होण्याचा संभव बराच जास्त. शारीर दुःखात नैतिक न्याय शोधणाऱ्यांनी या नोंदीपाशी थांबून विचार करावा, आणि स्त्रियांच्या या त्रासाला नाजूकपणा म्हणून झटकणाऱ्यांनीही.

शिवाय हे दुःख भुलेखाली निजलेल्या माणसावर दुसऱ्याच्या कृतीतून येते आणि त्या वेळी त्याला बोलता येत नाही. म्हणून आधी विचारण्याचे आणि आधी उपाय करण्याचे कर्तव्य भूल देणाऱ्याकडे जाते. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, पाच हजारांहून अधिक रुग्णांच्या चाचणीत ऑन्डान्सेट्रॉन, डेक्सामेथासोन आणि ड्रोपेरिडॉल यांपैकी प्रत्येक औषधाने जोखीम सुमारे एकचतुर्थांशाने घटली, आणि वायूऐवजी शिरेतून प्रोपोफॉल दिल्यास ती साधारण एकपंचमांशाने घटली. मूळ संभव ४० टक्के असेल तर पहिले औषध तो ३० वर आणते, दुसरे साधारण २२ वर; लाभ पायरीपायरीने आक्रसतो, पण डोकेदुखी, बद्धकोष्ठता, रक्तशर्करेतील वाढ, हृदयाच्या तालातील बिघाड अशा दुष्परिणामांची शक्यता प्रत्येक औषधाबरोबर येतच राहते. ज्यांना उलटी झालीच नसती अशांनाही ही औषधे घ्यावी लागतात, म्हणून सरसकट सर्व औषधे देणे हेही अहिंसेच्या कसोटीला उतरत नाही. वेदनेसाठी शक्य तेथे भागापुरती भूल आणि पॅरासिटामॉलसारखी औषधे वापरून अफूवर्गीय मात्रा कमी करणे हा अधिक निर्मळ मार्ग आहे.

महाराष्ट्रात याला एक खास पैलू आहे. एकादशीच्या संस्कारात वाढलेले रुग्ण शस्त्रक्रियेपूर्वीचा उपवास व्रताच्या निष्ठेने पाळतात आणि पुष्कळदा तो निर्जळीच करून टाकतात. या उपवासाचा हेतू मात्र पोटातले अन्न भुलेत श्वासनलिकेत जाऊ नये एवढाच असतो. हलक्या जेवणाला सहा तास पुरतात, आणि पोट मंद गतीने रिकामे होण्याचा विकार नसेल तर साधे पाणी दोन तास आधीपर्यंत घेता येते. कोरडे राहिलेले शरीर मळमळीला अधिक बळी पडते, तेव्हा हे पाणी नाकारण्यात पुण्य नाही, आणि ते रुग्णाला स्पष्ट शब्दांत न सांगणे हा सांगणाऱ्याचा दोष आहे.

सर्व उपाय करूनही काहींना उलटी होतेच. अशा वेळी पहिले औषध देऊन सहा तास झालेले नसतील तर तेच पुन्हा न देता वेगळ्या मार्गाने काम करणारे द्यावे लागते, आणि दुखणे, घसरलेला रक्तदाब, आतड्यातील अडथळा यांपैकी दुसरे काही कारण नाही ना, हेही तपासावे लागते. त्याच दिवशी घरी पाठवलेल्या रुग्णाला रात्री हा त्रास सुरू झाला, तर हे तपासायला तेथे कोणी नसते. त्याच्यासाठी गोळी आणि फोन क्रमांक घरी पाठवतानाच द्यायला हवा.