फुकट मिळालेली विद्या

ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी आपल्या उपनगरांतील अनेक धर्मग्रामांत आगेऱ्याचा सण साजरा होतो. नव्या भाताच्या लोंब्या मिरवणुकीने चर्चमध्ये आणल्या जातात, धर्मगुरू त्यांना आशीर्वाद देतात आणि मग त्या घरोघरी नेल्या जातात. ‘आगेरा’ ह्या शब्दाचे नाते शेत ह्या अर्थाच्या लॅटिन शब्दाशी जोडले जाते. आता अंधेरी-मरोळच्या गावठाणांत शेत उरलेले नाही. लोंब्या बाहेरून आणाव्या लागतात. तरीही सण टिकून आहे. हाताला काम उरले नसले, तरी मनाला त्याची आठवण आहे.

काही वर्षांपूर्वी अशाच एका आगेऱ्याला अर्पणाच्या वेळी एका तरुणाने लोंब्यांच्या शेजारी एक लहानशी टोपली आणून ठेवली. तीत मायाळूची पाने, थोड्या मिरच्या आणि सात-आठ भेंड्या होत्या. मिस्सा आटोपल्यावर मी त्याला विचारले, तेव्हा तो अभिमानाने म्हणाला, “घरच्या आहेत, फादर. बाल्कनीत लावल्या.”

“आणि शिकलास कुठे?”

“मोबाइलवर. त्याचे क्लास असतात ना! एकदम फुकट.”

त्याच्या मागे त्याची आजी उभी होती. ती काही बोलली नाही, नुसती हसली. त्या हसण्याचा अर्थ मला पुढे कळला, तो यथावकाश सांगेन. प्रथम ‘फुकट’ ह्या शब्दाचा विचार करू, कारण त्या दिवसापासून तो माझ्या मनात रुतून बसला आहे.

आपल्या भाषेत ज्याची किंमत मोजावी लागत नाही, त्याला दोन शब्द आहेत. ‘फुकट’ ह्या शब्दात किंचित तुच्छता आहे. फुकटचे म्हणजे सहज टाकून देण्याजोगे, वाया गेले तरी हळहळ वाटू नये असे. ‘विनामूल्य’ हा शब्द अधिक सभ्य, परंतु तो पैसे घेतले नाहीत एवढेच सांगतो, त्यापलीकडे काही बोलत नाही. आम्हा धर्मगुरूंना गुरुकुलात शिकवला जाणारा एक तिसरा शब्द आहे : कृपा. लॅटिन भाषेत कृपेला ‘ग्रासिया’ म्हणतात, आणि मोल न घेता दिलेले ते ‘ग्रातिस’. दोहोंचे मूळ एकच. ख्रिस्ती श्रद्धेचा सारा डोलारा ह्या एका मुळावर उभा आहे. देवाने आपल्याला जे दिले, ते आपण विकत घेतलेले नाही, आणि ते मिळाल्यावर आपण पूर्वीसारखे राहूही शकत नाही.

तेव्हा प्रश्न असा की, फुकट मिळालेल्या विद्येचे आपण काही देणे लागतो काय? आणि लागत असू, तर ते कोणाला आणि कसे फेडायचे?

संत थॉमस अक्विनास ह्यांनी कृतज्ञतेचा विचार करताना एक सूक्ष्म भेद केला आहे. कृतज्ञतेचे ऋण कायद्याचे नसते. ते नीतीचे असते. त्यासाठी कोणी कोर्टात खेचणार नाही, आणि म्हणूनच ते फेडणे माणसाच्या चांगुलपणावर सोपवलेले असते. ह्या कृतज्ञतेच्या त्यांनी तीन पायऱ्या सांगितल्या आहेत : मिळालेला उपकार ओळखणे, त्याबद्दल आभार मानणे, आणि योग्य वेळी आपल्या ऐपतीनुसार परतफेड करणे. सर्वांत मोठी कृतघ्नता कोणती? परतफेड न करणे ही नव्हे. उपकार झाला हेच न ओळखणे, ही.

पहिली पायरी ओळखण्याची. मोबाइलच्या पडद्यावर एखादी भगिनी कुंडी कशी भरावी ते दाखवते : माती, शेणखत किंवा कंपोस्ट, नारळाच्या काथ्याचा भुसा. हे ज्ञान तिचे एकटीचे नसते. त्याला पूर्वज आहेत. श्रीपाद अच्युत दाभोलकर हे गणिताचे प्राध्यापक. त्यांनी ‘प्रयोग परिवार’ उभा केला आणि तासगावच्या परिसरातील द्राक्षबागाईतदारांना स्वतः प्रयोग करून एकमेकांना शिकवण्याची गोडी लावली. तेथे कोणी साहेब नव्हता, कोणाची फी नव्हती; एकाला साधले ते दुसऱ्याला कळवायचे, हीच शिस्त. पालापाचोळ्यापासून सकस माती घरच्या घरी घडवता येते, हे त्यांनी सामान्य माणसाच्या हाती दिले. २००१ साली ते गेले. त्यांचीच पद्धत मुंबईत डॉ. आर. टी. दोशी ह्यांनी गच्चीवर आणली. उसाची चिपाडे आणि थोडी माती भरलेल्या पिशव्यांत भाज्या-फळे पिकतात, हे त्यांनी दाखवले आणि येईल त्याला शिकवले. त्यांच्याकडून प्रेरणा घेऊन मुंबई पोर्ट ट्रस्टच्या कॅन्टीनच्या अधिकारी प्रीती पाटील ह्यांनी २००२ च्या सुमारास तेथील मध्यवर्ती स्वयंपाकघराच्या गच्चीवर त्याच स्वयंपाकघराच्या ओल्या कचऱ्यावर बाग फुलवली. शिवाय ज्यांच्या घरी पूर्वी दूरदर्शन संच होता, त्यांना ‘आमची माती, आमची माणसं’ आठवत असेल. शेतीची ती शाळाही विनामूल्यच होती.

आता त्या आजीकडे वळतो. त्या रविवारनंतर काही दिवसांनी मी त्यांच्या घरी गेलो. बोलता बोलता कळले की, आज जेथे त्यांची इमारत उभी आहे, त्याच्याच पलीकडे तिच्या वडिलांचे शेत आणि विहीर होती. पावसाळ्यात भात, पावसाळा सरला की भाजीचे वाफे. लहानपणी पहाटे उठून तिने वाफ्यांना पाणी घातले होते, डोक्यावरून भाजीची टोपली बाजारात नेली होती. अंधेरीला सीप्झच्या आवारात १५७९ साली बांधलेल्या चर्चचे भग्नावशेष आहेत. ज्या शेतकरी ख्रिस्तजनांसाठी ते बांधले गेले, त्यांच्या वंशातली ही बाई. जेथे तिच्यासारख्यांची गावे होती, तेथे इलेक्ट्रॉनिक वस्तूंचे कारखाने आले. आणि आता तशाच एका इलेक्ट्रॉनिक वस्तूच्या पडद्यावर तिचा नातू भेंडी लावायला शिकत होता. शिकवणारी परकी भगिनी दूर कोठे तरी होती, आणि जिला सारे ठाऊक होते ती त्याच्या पाठीमागच्या खोलीत जपमाळ करत बसलेली होती.

“मग तुम्ही त्याला सांगितलं का नाही?” मी विचारले.

“मला कोणी विचारलंच नाय, फादर,” ती म्हणाली. तक्रारीचा सूर नव्हता.

मला मात्र ते वाक्य लागले, कारण त्यात मीही होतो. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी आली, चर्चची दारे बंद झाली, तेव्हा मीसुद्धा अशाच एका विनामूल्य वर्गात नाव घातले होते. धर्मगुरुनिवासाच्या सज्जात मी टोमॅटो लावले. रोज सकाळ-संध्याकाळ प्रेमाने पाणी घातले, आणि तीन आठवड्यांत सगळी रोपे मुळाशी कुजून गेली. पडद्यावरच्या शिक्षकाने सांगितले होते की, माती बोटभर खोल कोरडी लागल्याशिवाय पाणी देऊ नये. मी ते ऐकले होते, वहीत लिहूनही घेतले होते. बोट मात्र मातीत घातले नव्हते. आणि ज्या बाईने बालपणभर वाफ्यांना पाणी घातले, ती वर्षानुवर्षे माझ्यापुढे मिस्सेला बसत होती. “पितामातांचा मान राख” ही चौथी आज्ञा मी इतक्या वेळा समजावून सांगितली आहे. पण मान राखणे म्हणजे त्यांना जे येते ते शिकून घेणेही होय, हे मला कधी सुचले नव्हते.

ह्यावरून कोणी असे समजू नये की, मी पडद्याला दोष देत आहे. दोष देण्याचा मला अधिकारही नाही. त्याच टाळेबंदीत मी रिकाम्या चर्चमध्ये कॅमेऱ्यासमोर मिस्सा केली, आणि अंथरुणाला खिळलेल्या कितीतरी माणसांना त्या पडद्याने आधार दिला. ज्या बाईला घर सोडून कोठे जाता येत नाही, ज्या निवृत्त गृहस्थाला दिवस खायला उठतो, ज्या मुलाच्या आईवडिलांना फी परवडत नाही, त्यांना हे वर्ग खरोखरच उपकारक आहेत. अर्थात तेथेही जागरूक राहावे लागते. काही ठिकाणी ‘विनामूल्य’ ह्या पाटीआडून कुंड्या, खते, औषधे गळ्यात बांधली जातात. पण आमिष ओळखता आले, तर विद्या घ्यावी.

मात्र त्या काळात एक मर्यादाही उमगली. पडद्यावरून शब्द पोहोचतो. भाकर पोहोचत नाही. मिस्सा पाहता आली, ख्रिस्तशरीर मुखात घेता आले नाही. तद्वतच बागकामाचा पाठ ऐकता येतो, पण माती नखांत गेल्याखेरीज तो आपला होत नाही. ध्वनिचित्रफीत पुढे सरकवता येते. मेथी मात्र तिच्याच गतीने उगवते, आणि टोमॅटोचे झाड आपल्या घाईला दाद देत नाही. लूकच्या शुभवर्तमानात एका अंजिराच्या झाडाचा दाखला आहे. तीन वर्षे फळ न दिलेले झाड मालक तोडायला निघतो, तेव्हा माळी मध्ये पडतो आणि आणखी एका वर्षाची मुदत मागतो; तेवढ्यात तो भोवताली खणून खत घालणार आहे. तो नुसता ‘थांबा’ म्हणत नाही, स्वतःच्या श्रमांची भर घालतो. आभार मानण्याची, म्हणजे दुसऱ्या पायरीची, हीच खरी रीत आहे असे मला वाटते. ज्याने विनामूल्य शिकवले त्याला आपण पैसे देऊ शकत नाही. पण त्याचे शिकवणे वाया जाऊ न देणे आपल्या हाती आहे. दहा वर्गांत नाव घालून एकही कुंडी न जगवणे, ही त्या शिक्षकाची उपेक्षा आहे. पहिले रोप मेले म्हणून कुंडी जिन्याखाली टाकून देणे, हीसुद्धा.

आता तिसरी पायरी, परतफेडीची. शिकवणारा अनोळखी असला, तर परतफेड कोणाला करावी? शिष्यांना सुवार्तेसाठी पाठवताना प्रभूने त्यांना बजावले की, त्यांना जे लाभले ते त्यांनी मोल देऊन घेतले नव्हते, तेव्हा देतानाही मोल मागू नये. ह्या आज्ञेची दिशा लक्षात घेण्यासारखी आहे. परतफेड मागे जात नाही, पुढे जाते. देणाऱ्याकडे न परतता शेजाऱ्याकडे वळते.

आणि उपनगरात शेजारी अगदी भिंतीला भिंत लावून असतो. आपल्या ग्रिलमधल्या कुंडीचे पाणी खालच्या मजल्यावरच्या वाळत्या कपड्यांवर ठिबकते काय? गच्चीवर माती चढवण्यापूर्वी सोसायटीला विचारले काय, गळती तपासली काय? ह्या किरकोळ वाटणाऱ्या गोष्टींतच शेजारप्रीतीची परीक्षा असते. आपल्या दारी येणारी लाल माती कोठल्या तरी डोंगराची कूस खणून आलेली असते. आपल्या बागेसाठी दुसरीकडची धरती उघडी पडावी काय? ह्याचे उत्तर आपल्याच स्वयंपाकघरात आहे. भाजीची देठे, सालपटे आणि तितकाच सुका पाला हवेशीर डब्यात थराथराने रचला, तर दोन-तीन महिन्यांत त्याचे खत होते. फार ओले झाले की दुर्गंधी येते. तेव्हा सुका पाला वाढवावा, एवढे साधे शास्त्र. मुलुंडची कचराभूमी २०१८ साली बंद होईपर्यंत तेथील रहिवाशांनी आपल्या सर्वांच्या उष्ट्या-खरकट्याचा वास वर्षानुवर्षे सोसला. आपला कचरा दुसऱ्याच्या दारात न पाठवणे, ही दया नव्हे. तो न्याय आहे. दिवंगत पोप फ्रान्सिस ह्यांनी २०१५ साली ‘लाउदातो सी’ ह्या परिपत्रकात पृथ्वीचा आक्रोश आणि दीनांचा आक्रोश ह्यांची जी सांगड घातली, ती मुलुंड-देवनारच्या माणसाला वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

उत्पत्तीच्या पुस्तकात देव माणसाला बागेत ठेवतो, ते तिची मशागत आणि राखण करण्यासाठी. मशागतीसाठी तेथे जे हिब्रू क्रियापद आहे, त्याचा अर्थ सेवा करणे असाही होतो, आणि देवाच्या उपासनेसाठीही तेच वापरले जाते. माणसाला ती बाग मोफत मिळाली होती. तिची सेवा करणे हेच त्याचे आभारप्रदर्शन होते. मोफत मिळालेली वस्तू आपलीच, हवी तशी ओरबाडावी, असे त्याला वाटले आणि तेथेच घात झाला.

त्या तरुणाला मी प्रवचन दिले नाही. एवढेच विचारले, “आजीला विचारलंस का, त्यांच्या वेळी भेंडी कधी लावत?” तो गोंधळला. पुढच्या भेटीत पाहतो तो आजीची खुर्ची बाल्कनीच्या दाराशी आली होती. ती बसल्या जागेवरून सूचना देत होती. तो अधूनमधून वाद घालत होता, कारण मोबाइलवर काही वेगळे सांगितलेले होते. कोण बरोबर, ह्याचा निवाडा करायला मी असमर्थ होतो. निघताना आजीने जुन्या डब्यातून काढलेले मूठभर बी कागदाच्या पुडीत बांधून माझ्या हाती ठेवले आणि बजावले, “फादर, ह्या वेळी पाणी कमी घाला.”

मी त्यातील निम्मे सज्जात पेरले. उरलेले निम्मे पुडीतच आहे. ते कोणाला तरी द्यायचे आहे. वाचकहो, आपल्यापैकी कोणाला हवे असल्यास जरूर मागावे. मोल अर्थातच नाही.