होरेबचा खडक व माहुलीचा डोंगर

शास्त्रभाग : निर्गम १७ : १–७

इस्राएल लोक सीनच्या रानांतून मजल दरमजल करीत रफिदीमास आले, आणि तेथें त्यांस प्यावयास पाणी मिळालें नाहीं. हा भाग आपण देवळांत पुष्कळदां ऐकिला आहे. परंतु उन्हांत तहानेनें खडक चढल्यावांचून मोशेवर चिडलेल्या त्या लोकांचा राग नीट समजत नाहीं, असें आमचें मत झालें आहे.

गेल्या फेब्रुवारीच्या अखेरीस शहापूर व मुरबाड या दोन तालुक्यांतील मंडळ्यांचे तीस-बत्तीस तरुण व कांहीं उपदेशक यांस घेऊन आम्ही माहुलीचे सुळके पाहण्यास गेलों. कोणी रेल्वेनें आसनगांवास उतरले, कोणी एस्टीनें शहापुरास. उजाडतां आम्ही माहुली गांवाहून डोंगरास लागलों. हा गड सुमारें २,८०० फूट उंच असून पळसगड, माहुली व भंडारगड असे त्याचे तीन भाग आहेत. १६३६ सालीं शहाजीराजांनीं येथेंच मोगलांच्या वेढ्यापुढें हात टेकले, व १६७० सालीं शिवाजीमहाराजांच्या सैन्यानें तो पुन्हां जिंकून घेतला. भंडारगडाकडे जे सुळके उभे आहेत त्यांस लोक नवरा, नवरी, करवली, भटोबा म्हणतात. दुरून पाहिलें तर खरोखरच एखादें वऱ्हाड मांडवाच्या दारांत खोळंबल्यासारखें दिसतें.

हे सुळके कसे झाले, असें एका मुलानें विचारिलें. सुमारें साडेसहा कोटि वर्षांपूर्वीं या देशांत भूमीच्या भेगांतून तप्त रस बाहेर पडला, थरावर थर बसला, थिजला, आणि त्याचा हा काळा खडक झाला. पुढें ऊनपावसानें मऊ व भेगाळलेला भाग झिजून गेला, कठीण भाग उभा राहिला. परंतु या खडकाचा दुसरा गुण आपल्या बायकांना भूगोल न शिकतां ठाऊक आहे. त्यावर माती थोडी, आणि पोटांत पाणी धरून ठेवण्यास जागा थोडी. आपल्याकडे शंभर इंचांच्या घरांत पाऊस पडतो, आणि तो ओढ्यानाल्यांनीं धांवत समुद्रास मिळतो. होळी झाली कीं विहिरीचा तळ दिसूं लागतो.

अर्ध्या वाटेवरच पोरांच्या बाटल्या रिकाम्या झाल्या. कुरकुर सुरू झाली. कोणी म्हणे, वाटाड्यानें लांबची वाट धरली. कोणी म्हणे, पाळकसाहेबांस हाच दिवस कसा सुचला! दोघां चुलतभावांची एका बाटलीवरून चांगलीच जुंपली. चार तासांची तहान, तीहि खालीं पाणी आहे हें ठाऊक असतां! मग ज्यांच्या कडेवर लेंकरें होतीं, मागें गुरें होतीं, आणि पुढें पाणी आहे किंवा नाहीं हें ज्यांस कोणी सांगूं शकत नव्हता, ते लोक मोशेस दगडमार करावयास उठले यांत नवल तें काय? आमच्या बरोबरचे वाटाडे पायथ्याच्या वाडींतील एक ठाकूर गृहस्थ होते. त्यांनीं निघतांनाच सांगितलें होतें कीं, शिडी येईपर्यंत अर्धी बाटली राखा. लोखंडी शिडी चढून वर गेल्यावर त्यांनीं कातळांत खोदलेलें टाकें दाखविलें, आणि पाणी आपल्या फडक्यानें गाळून आधीं त्या दोघां भावांस दिलें.

कड्यावर येऊन पाहिलें तों खालीं तानसेचें तळें चकाकत होतें. तें धरण १८९२ सालीं पुरें झालें, तें मुंबईसाठीं. पुढें १९५७ सालीं वैतरणेवरील मोडकसागर झाला, मग भातसेचें धरण झालें. मुंबईच्या पाण्याचा सर्वांत मोठा वांटा आज भातसाच देते. मुरबाडकडे बारवीच्या पाण्याखालीं वस्त्या गेल्या, आणि तें पाणी शहरांस व कारखान्यांस जातें. आणि याच शहापूर तालुक्यांत दर उन्हाळ्यांत पाड्यापाड्यांस टँकरची वाट पाहावी लागते. मुंबईकरानें पाणी पिऊं नये असें आम्ही म्हणत नाहीं. तहान त्यालाहि आहे. पण ज्या मुलीची शाळा हंड्यापायीं सुटते, तिनें हें तळें वरून पाहून काय म्हणावें? देव आमच्यामध्यें आहे कीं नाहीं, हा मरीबाचा प्रश्न तिच्या ओठीं आला, तर तिला गप्प बसविणारा उपदेशक आम्हांस नको.

शास्त्रभाग नीट पाहा. पुढें पंच्याण्णवाव्या स्तोत्रांत त्या लोकांच्या कठीण अंतःकरणास दोष दिला आहे, हें खरें. परंतु येथें देवानें तहानेला पाप म्हटलेलें नाहीं. त्यानें मोशेस तीच काठी घ्यावयास सांगितली, जिच्या माराने नील नदीचें पाणी पिण्यास नालायक झालें होतें. आणि एकट्यास पाठविलें नाहीं. लोकांच्या वडिलांपैकीं कांहींस बरोबर ने, अशी आज्ञा केली. आमचे उपदेशक बंधु येथून घाईनें करिंथकरांस पहिल्या पत्राच्या दहाव्या अध्यायावर जातात, कारण तो आत्मिक खडक ख्रिस्त होय असें पौल तेथें सांगतो. तें सत्य सांगावेंच. मात्र तहान ओलांडून तेथें जाऊं नये. शोमरोनी स्त्रीशीं आपला प्रभु जिवंत पाण्याविषयीं बोलला, तो आधीं विहिरीवर पाणी मागून.

मुरबाडच्या बंधूंनीं नाणेघाट पाहिलाच असेल. तेथील लेण्यांत सातवाहनांची राणी नागनिका हिचा सुमारें दोन हजार वर्षांपूर्वींचा लेख आहे. यज्ञ किती केले, गाई किती दिल्या, याची मोठी यादी आहे. राजघराण्याच्या मूर्ति होत्या, त्यांचीं आतां पावलेंच काय तीं उरलीं आहेत. त्याच घाटांत एका पाण्याच्या टाक्यावर दोन-चार शब्दांचा लेख आहे : सोपाऱ्याच्या गोविंददासाचें दान. घाट चढणाऱ्यास तहान लागते, एवढें त्यास समजलें होतें, आणि त्यानें खडक खोदविला.

कित्येक मंडळ्यांतून आम्हांस सांगण्यांत येतें कीं, पाण्याचें काम सरकारचें, आपण प्रार्थना करावी. प्रार्थना तर मोशेनेंहि केली. पण उत्तर आलें तें, काठी घेऊन वडिलांसह पुढें चाल, असें. म्हणून मंडळीच्या वडिलांनीं ग्रामसभेस जावें, शेजारच्या वाडीच्या माणसांना बरोबर घ्यावें, आणि पाड्यावर टँकर किती दिवसांनीं आला हें वहींत लिहून ती वही तेथें ठेवावी. रांगेंत ख्रिस्ती कोण व इतर कोण हें कोणी पाहूं नये. आपल्या वाडवडिलांस गांवच्या पाणवठ्यावरून परत फिरविलें होतें. त्यांच्या नातवंडांनीं दुसऱ्याचा हंडा मागें सारणें शोभत नाहीं.

ज्या वस्तींत जुना झरा किंवा डवरा गाळानें भरला आहे, तेथील तरुणांनीं घमेलीं व फावडीं आतांच जमवावीं. चैत्रांत पाणी अगदीं खालीं गेलें म्हणजे गाळ काढणें सोपें जातें, आणि वळवाचा पहिला पाऊस येण्यापूर्वीं कांठाची दगडी बांधणी पुरी झाली पाहिजे.